आधारच्या एक्सएमएलमधला फोटो बाहेर काढायचाय? आधी सही तपासा!



समजा, तुम्ही कारंज्यात किंवा रिसोडला अभ्यासिका सुरू केली. ६० खुर्च्या, ६० मुलं-मुली. प्रत्येकाचं ओळखपत्र बनवायचंय. आपली नेहमीची पद्धत काय? आधारची झेरॉक्स मागायची आणि फाईलला लावायची. त्यावरचा काळपट फोटो ओळखू येत नाही, कोणी खाडाखोड केली असेल तर कळत नाही. वर ६० जणांचे आधार नंबर तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून. उद्या ते बाहेर गेले, तर लोक तुम्हालाच विचारणार.

यापेक्षा चांगली वाट म्हणजे आधारची ऑफलाईन ई-केवायसी फाईल. आधारधारक स्वतः ओटीपी टाकून यूआयडीएआयच्या पोर्टलवरून झिप फाईल उतरवतो आणि तिला ४ अक्षरांचा शेअर कोड देतो. आतल्या एक्सएमएलमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि यूआयडीएआयची डिजिटल सही असते. पूर्ण आधार नंबर नसतो, फक्त शेवटचे ४ अंक.

फोटो अक्षरांत कसा मावतो?

एक्सएमएल म्हणजे साधा मजकूर, आणि फोटो म्हणजे बाइट, म्हणजेच बायनरी डेटा. शून्य किमतीचा बाइट तर एक्सएमएलमध्ये चालतच नाही. म्हणून फोटो ‘बेस ६४’ पद्धतीने लिहितात: ३ बाइटची ४ अक्षरं. म्हणजे ९ केबीचा फोटो १२ केबी होतो. फाईल उघडल्यावर अगम्य अक्षरांची लांबच लांब ओळ दिसते ना? तोच फोटो.

बाहेर काढायच्या दोन वाटा

पहिली, एक्सएसएलटी. ही एक्सएमएलला दुसऱ्या रूपात बदलणारी भाषा. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत बाइट हाताळायची सोय नाही, पण इथे तिची गरजही नाही. ओळखपत्राचं एचटीएमएल पान बनवा आणि चित्राच्या पत्त्याच्या जागी ‘डेटा’ प्रकारचा पत्ता देऊन ती अक्षरं जशीच्या तशी टाका. फोटो ब्राउझरच उलगडतो.

दुसरी, एक्सक्वेरी. फोटोच्या वेगळ्या फाईल हव्या असतील तर ही बरी. बेसएक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या फाईल मॉड्यूलने बेस ६४ मजकुराचे बाइट करून थेट डिस्कवर लिहिता येतात. ६० फाईलींचं काम चार-पाच ओळींत. शिवाय एक्सपाथचं बायनरी मॉड्यूल आहे, त्याने बाइट मोजता येतात आणि हवा तो तुकडा कापता येतो. जेपेग फोटोचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात. ते जुळले नाहीत तर ती फाईल बाजूला काढा.

पण क्रम चुकवू नका

आता खरी गोष्ट. सही एक्सएमएलवर आहे, तुम्ही काढलेल्या फोटोवर नाही. फोटो बाहेर आला की त्याची हमी संपली. म्हणून मूळ फाईलला हात न लावता, यूआयडीएआयच्या प्रमाणपत्राने आधी सही तपासा, मगच फोटो काढा. कोणी नोटपॅडमध्ये उघडून मजकुरात एक अक्षर किंवा एखादी मोकळी जागा बदलून सेव्ह केलं, तरी सही जुळत नाही.

आणि सही जुळली म्हणजे फाईल खरी, एवढंच. ती घेऊन समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे फोटो आणि चेहरा बघून तुम्हालाच ठरवायचंय.

कायद्याचं भान

२०१९ च्या दुरुस्तीनुसार ऑफलाईन पडताळणीला त्या व्यक्तीची संमती लागते, दुसरा पर्याय सांगावा लागतो आणि आधार नंबर साठवता येत नाही. सुरुवात करण्याआधी यूआयडीएआयचे सध्याचे नियम नक्की वाचा. काम झालं की नको असलेल्या फाईल पुसून टाका.

आज एवढंच करा: स्वतःची फाईल उतरवा आणि स्वतःचाच फोटो काढून बघा. आधी आपल्यावर प्रयोग, मग गिऱ्हाईक!