तेहतीस मीटर खाली

नगरहून पुण्याकडे निघालेली एसटी वाघोलीपर्यंत बरी येते. पुढे नगर रस्त्यावरची कोंडी लागली की कोर्टाची तारीख, दवाखान्याची वेळ, मुलाची परीक्षा, सगळ्याचा घोर लागतो. ६ मार्च २०२४ पासून मात्र रामवाडीला उतरून मेट्रो धरता येते. स्वारगेटला किंवा पिंपरीला जायचे असेल तर मध्ये जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. घाईत असलात तरी तिथे क्षणभर थांबून वर पाहा.

पूर्वी या जागी सरकारी धान्य गोदामे होती. आता वनाज-रामवाडी मार्ग वरून, खांबांवरून जातो आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट मार्ग भुयारातून. भुयारी स्थानकाची खोली ३३.१ मीटर, म्हणजे दहा मजली इमारत मावेल एवढी. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. एवढे खाली जाण्याचे कारण शेजारीच आहे: मुठा. स्वारगेटकडे निघालेला बोगदा नदीच्या तळाखालून जातो आणि पलीकडे कसबा, मंडई या दाट वस्तीच्या पोटात शिरतो. तिथे वाडे पाडून रस्ता काढणे शक्यच नव्हते. म्हणून खालचा काळा कातळ यंत्राने कोरला.

पण मला या खोलीपेक्षा तिथला उजेड मोठा वाटतो. छत जवळजवळ ९५ फूट उंच आहे आणि दिवसा ऊन थेट खालपर्यंत पोहोचते. भुयार म्हटले की अनेकांना, विशेषतः वयस्कर माणसांना, कोंडल्यासारखे होते. इथे सरकत्या जिन्यावरून उतरताना आकाशाशी नाते तुटत नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या या स्थानकाच्या आराखड्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

भुयारी स्थानकाकडे वेगळ्या नजरेने पाहिलेले एक शहर तुलनेला घेऊ: मध्य आशियातली पहिली मेट्रो ताश्कंदची, १९७७ सालची. १९६६ च्या भूकंपाने ते शहर मोडून पडले होते. त्यामुळे तिथली स्थानके फार खोल नेली नाहीत, पण संगमरवर, रंगीत चिनीमाती आणि झुंबरांनी नटवली. एका स्थानकाच्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवा हे सोव्हिएत अंतराळवीर आहेत. २०१८ पर्यंत तिथे छायाचित्र काढायलाही बंदी होती. त्या शहराने जमिनीखाली वैभव मांडले, पुण्याने सूर्यप्रकाश उतरवला. रोज ये-जा करणाऱ्याला दुसरे अधिक उपयोगी, असे माझे मत.

२९ सप्टेंबर २०२४ ला पुण्यातला भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. २५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी हा ११.६३ किलोमीटरचा, अकरा स्थानकांचा विस्तार मंजूर केला. तो नगरकरांच्या अगदी वाटेवरचा आहे. तेव्हा महामेट्रो आणि एसटी महामंडळाने आताच एकत्र बसून ठरवावे: नगरकडून येणाऱ्या गाड्यांचा थांबा वाघोलीच्या मेट्रो स्थानकाच्या दारातच हवा. जड पिशव्या घेऊन म्हाताऱ्या माणसाला भर रस्ता ओलांडायला लावू नका.