घरचा ताजा रस : आहार की स्वरस?

ग्रीष्म ऋतूत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. रसवंतीगृहांच्या घुंगरांचा आवाज दुपारभर कानी पडतो आणि घराघरांत सकाळी मिक्सर फिरू लागतात. अलीकडे तर ऋतू कोणताही असो, ‘डॉक्टर, रोज अनशापोटी दुधीचा रस घेतला तर चालेल ना?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. औषधालय चालविणाऱ्या बांधवांना तो अधिकच विचारला जातो. बहुतेक वेळा आपण गर्दीच्या घाईत ‘हो, चालेल’ असे उत्तर देऊन मोकळे होतो. हे उत्तर पुरेसे नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही आज या विषयाकडे वळलो आहोत.

स्वरस म्हणजे काय?

स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या पंचविध कषाय कल्पनांत स्वरसाला पहिले स्थान आहे. ही कल्पनांची केवळ यादी नाही, तो बलाचा क्रम आहे. फांटापेक्षा हिम, हिमापेक्षा क्वाथ असे चढत गेले की सर्वांत बलवान व गुरू ठरतो तो स्वरस. म्हणूनच व्याधीचे व रुग्णाचे बल पाहून कषायाची योजना करावी, सर्वच कषाय सर्वत्र उपयोगी पडत नाहीत, असे चरकाचार्यांनी बजावले आहे.

शार्ङ्गधराने स्वरसाची व्याख्या करताना द्रव्य किडीने वा अन्य कारणाने बिघडलेले नसावे, ते ताजे असावे, कुटून लगेच वस्त्रातून पिळावे, अशा अटी घातल्या आहेत. आजच्या स्वयंपाकघरालाही त्या जशाच्या तशा लागू पडतात. त्याने मात्रा सांगितली ती अर्धा पल, म्हणजे सुमारे २ तोळे किंवा २४ मिली. कारणही तेथेच दिले आहे : स्वरस गुरू असतो. आता घरातील पेला पाहा. २०० मिलीचा एक पेला म्हणजे शास्त्रोक्त मात्रेच्या आठपट!

डाळिंबाचा किंवा मोसंबीचा रस आहार म्हणून पेलाभर घेण्यास निरोगी माणसाला सहसा हरकत नसते. परंतु कारले, दुधी, पालक यांचा कच्चा रस ‘औषध’ म्हणून रोज घेतला जातो, तेव्हा त्याला औषधाचेच नियम लागू होतात. मात्रा, काल, अनुपान आणि निषेध यांपैकी काहीच न सांगता दिलेला सल्ला हा वैद्याचा सल्ला नव्हे.

आपल्या मातीतील डाळिंब

घरच्या रसासाठी सोलापूरकराने दूर जाण्याची गरज नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतील डाळिंबाने जिल्ह्याला ओळख दिली. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे, आणि २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंब’ला भौगोलिक मानांकन मिळाले. चरकसंहितेत दाडिमाचा समावेश हृद्य, छर्दिनिग्रहण व श्रमहर या तिन्ही गणांत आहे. उन्हाने थकलेल्या, मळमळ होणाऱ्या, अन्नावरची वासना उडालेल्या रुग्णासाठी याहून सोयीचे फळ कोणते? मधुर दाडिम त्रिदोषघ्न, तर आंबट दाडिम पित्तकर, हा भेद मात्र रुग्णाला सांगावा.

रस काढण्याची पद्धतही सांगावी. फळ आधी स्वच्छ धुवावे, कारण तेल्या रोग व किडींपासून बचावासाठी बागांत फवारण्या होत असतात. दाणे सोलताना पांढरी पटले काढून टाकावीत, नाहीतर रस कडवट व तुरट होतो. दाणे स्वच्छ फडक्यात घेऊन हाताने पिळावेत. मिक्सर वापरायचाच असेल तर क्षणभर फिरवून थांबवावा. बिया भरडल्या की कषाय रस उतरतो. रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्यावा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस कळकतो, हे आपल्या आजींना ठाऊक होते. रस लगेच प्यावा, सकाळचा संध्याकाळसाठी ठेवू नये. शक्य असेल तेथे दाणेच चावून खाण्यास सांगावे. रस गाळला की चोथा जातो आणि साखर तेवढी उरते, म्हणून मधुमेही रुग्णाला तर दाणेच बरे.

कडू दुधी म्हणजे इक्ष्वाकू

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जुलै २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी व कारले यांचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जून २०१८ मध्ये पुण्यातही दुधीच्या रसानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले. हे दोघेही आरोग्याच्या हेतूनेच रस पीत होते.

यामागील द्रव्य म्हणजे कुकुरबिटासिन. काकडी, दुधी, दोडका यांच्या कुलात ते स्वभावतः असते. लागवडीच्या जातींत त्याचे प्रमाण अत्यल्प असते, परंतु अति उष्मा, पाण्याचा ताण, निकस जमीन अशा कारणांनी ते वाढू शकते. आमच्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. असा दुधी बाहेरून ओळखता येत नाही. तो ओळखते ती फक्त जीभ.

आपल्या शास्त्राला हे नवीन आहे काय? मुळीच नाही. चरकाच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय इक्ष्वाकूचा, म्हणजे कडू भोपळ्याचाच आहे. तेथे त्याचे ४५ योग सांगितले आहेत, ते वमनासाठी. वमन आपण कसे देतो? स्नेहन-स्वेदन करून, बल पाहून, मात्रा ठरवून आणि स्वतः समोर बसून. तेच तीक्ष्ण द्रव्य कोणतीही पूर्वतयारी न करता, अनशापोटी, पेलाभर पोटात गेले तर ते वमन राहत नाही, ती विषबाधा होते. पोटात तीव्र वेदना, उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब आणि रक्तदाब झपाट्याने खाली जाणे ही तिची लक्षणे. तिच्यावर प्रतिविष नाही. शिरेतून द्रव व लक्षणांनुसार उपचार यांवरच सारी भिस्त असते. तेव्हा अशा रुग्णाला घरी किंवा आपल्या चिकित्सालयात थांबवून न घेता तत्काळ रुग्णालयात पाठविणे हेच आपले कर्तव्य.

‘कडू तेवढे औषधी’ ही समजूत येथे घातक ठरते. कडू लागला तरी नाक दाबून पेला संपविणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? कडू काढे निमूटपणे प्यायला आपणच तर शिकविले! कारल्याच्या किंवा आवळ्याच्या रसात दुधी मिसळला, की त्याचा कडवटपणा झाकला जातो आणि जिभेचा पहारा उठतो. म्हणून दुधीचा रस अन्य रसात मिसळू नये, असे समितीनेही सांगितले आहे.

कोणाला विचारल्याशिवाय देऊ नये?

मधुमेहाची औषधे चालू असताना कारल्याचा रस घेतल्यास रक्तशर्करा अवाजवी उतरू शकते. पालक व बीट यांत ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून अश्मरीच्या रुग्णाला त्यांचा रोजचा रस देऊ नये. वृक्कविकारात फळांच्या रसातील व शहाळ्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्याने हिरव्या पालेभाज्यांचा रस अचानक सुरू केल्यास गोळीचा परिणाम कमी होतो. औषधालयात रसाची चौकशी करणाऱ्याला ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढे विचारण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

औषधालयाच्या दर्शनी भागासाठी

पुढील सूचना मोठ्या अक्षरांत लिहून लावावी, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे :

१. दुधी, काकडी, दोडका यांचा रस काढण्यापूर्वी प्रत्येक फळाची फोड चाखा. कडू लागल्यास थुंकून टाका, चूळ भरा व ते फळ फेकून द्या. शिजवूनही खाऊ नका.
२. दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नका.
३. कडू लागलेला घोट गिळू नका.
४. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटदुखी किंवा अस्वस्थता वाटल्यास तत्काळ रुग्णालयात जा.
५. रोज रस सुरू करण्यापूर्वी आपल्या वैद्याला मात्रा विचारा.

घरचा ताजा रस चांगलाच आहे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु लोक तो आयुर्वेदाच्या नावाने पितात. त्यामुळे त्यातून अपाय झाला तर त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. इक्ष्वाकू ओळखणारे शास्त्र ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या गावात कडू दुधीने कोणाचा जीव जाऊ नये, एवढीच अपेक्षा.