वाजणारा श्वास

खाणेपिणे व्यवस्थित, अंगावर तुकतुकी, दोऱ्याच्या गुंड्यामागे धावण्याचा उत्साह तसूभरही उणावलेला नाही, आणि तरीही झोपेत, किंवा पाठीवरून हात फिरवीत असता, किंवा दूध पिऊन क्षणभर विसावल्यावर ज्याच्या नाकातून वा घशातून एखादा परका आवाज उमटू लागतो, असे मांजर घरातील माणसांना मोठ्या पेचात टाकते. कारण उघड आजारी जनावरास दवाखान्यात नेणे हे सरळ काम असले, तरी जे सर्व बाबतींत ठणठणीत दिसते त्याच्या श्वासाविषयीची तक्रार कोणत्या शब्दांत मांडावी, हेच उमगत नाही. मग एका घरात ‘लाडात आले आहे’ म्हणून त्या आवाजाकडे काणाडोळा होतो, आणि दुसऱ्या घरात त्याच आवाजाने रात्रभर कोणाचा डोळा लागत नाही. माझ्या मते या दोहोंच्या मधली वाट अशी, की त्या आवाजास साक्षीदाराप्रमाणे पुरते बोलू द्यावे, त्याची जबानी तपशीलवार टिपून घ्यावी, आणि मगच निकालाकडे वळावे.

निरोगी मांजर स्वस्थ बसले असता त्याचा श्वास ऐकू येत नाही. जेथे वाट अरुंद होते, चिकट स्रावाने अडते, किंवा एखादा सैल पडदा प्रवाहात थरथरू लागतो, तेथेच नाद उत्पन्न होतो. मांजराच्या नाकातील आणि नाकामागील मार्ग मुळातच अगदी चिंचोळे. त्यात एकोणिसाव्या शतकात प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने नळीतून वाहणाऱ्या द्रवासंबंधी जो नियम प्रस्थापित केला, त्यानुसार संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो. म्हणजे माणसाच्या नाकात ज्या सुजेची कोणी दखलही घेणार नाही, तेवढी सूज मांजराचा श्वास वाजता करण्यास पुरते. आवाजावरून रोगाचे ठिकाण हुडकण्याच्या विद्येस १८१६ साली पॅरिसमध्ये मोठी चालना मिळाली. लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीस लावून आतले ध्वनी ऐकले आणि पुढे त्यांची रीतसर वर्गवारी केली. मांजराच्या घरगुती परीक्षेस ती गुंडाळीही लागत नाही. शांत खोली, थोडा धीर, आणि एकच प्रश्न पुरतो: आवाज श्वास आत घेताना येतो, की बाहेर सोडताना?

आत घेताना, तोंड मिटलेले असता, घोरल्यासारखा ओला जाड आवाज येत असेल, तर अडथळा बहुधा नाकात किंवा नाकामागच्या घशात असतो. आत घेतानाच पण बारीक, ताणलेल्या सुराचा आवाज असेल आणि जोडीला मांजराचे ओरडणेही घोगरे झाले असेल, तर संशय स्वरयंत्राकडे जातो. श्वास सोडताना शिट्टीसारखी सूं सूं येत असेल, तर खोल छातीतील बारीक श्वासवाहिन्या आकसल्या आहेत असे समजावे. ही विभागणी काटेकोर नव्हे, तथापि पशुवैद्यासमोर जाताना एवढे सांगता आले, तरी निम्मा शोध घरीच पार पडलेला असतो.

पुढे जाण्यापूर्वी मांजराच्या घुरघुरण्याचा प्रश्न मात्र निकालात काढला पाहिजे, कारण नव्याने मांजर पाळणारे पुष्कळ लोक या निर्दोष आवाजालाच घाबरतात. घुरघुरणे हे श्वास घेताना आणि सोडताना असे दोन्ही वेळा अखंड चालते. त्यात सेकंदास सुमारे २५ ते ३० कंपने असतात, आणि ती बरगड्यांवर ठेवलेल्या तळहातास स्पष्ट जाणवतात. ती स्वरयंत्राच्या स्नायूंना मेंदूकडून क्षणोक्षणी मिळणाऱ्या हुकमांनीच होतात, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु २०२३ साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी मृत मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा खेळवून तशीच मंद कंपने निर्माण करून दाखविली, आणि त्याचे श्रेय स्वरतंतूंमध्ये असलेल्या मऊ ऊतींच्या गाद्यांना दिले. मांजर समाधानात घुरघुरते, तसेच वेदनेतही घुरघुरते; म्हणून घुरघुर ऐकली की सर्व आलबेल आहे, असे धरून चालू नये. पशुवैद्यांना तर हा आवाज छाती तपासण्याच्या आड येतो, आणि तो थांबावा म्हणून ते कित्येकदा शेजारचा नळ सोडतात. पाण्याची धार ऐकून मांजर सावध होते आणि गप्प बसते.

दुसरा फसवा प्रकार उलट्या शिंकेचा. मांजर मान ताणून उभे राहते, नाकाने धाडधाड हवा आत ओढल्याचा आवाज करते, आणि मिनिटाच्या आत जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागते. कुत्र्यांत हे वारंवार आढळते, मांजरांत क्वचित. कधीकाळी एकदा झाले तर चिंतेचे कारण नाही, वरचेवर होऊ लागले तर नाकामागे काही चाळवणारे आहे का, हे तपासून घ्यावे. एखादा वास हुंगून वरचा ओठ उचलून तोंड अर्धवट उघडे ठेवणे हा तर श्वासाचा विकारच नव्हे. टाळूवरील गंधेंद्रियाकडे वास पोहोचविण्याची ती रीत आहे.

आता खऱ्या अडथळ्यांकडे वळू. कोवळ्या वयाचे, वर्ष-दीड वर्षाचे मांजर आठवड्यागणिक अधिकाधिक घोरू लागले, गिळताना अडखळू लागले, आणि क्वचित मान एका बाजूस कलती ठेवू लागले, तर तेथे ‘पॉलिप’ या नावाच्या मांसांकुराची आठवण प्रथम व्हावी. हा कर्करोग नव्हे. मध्यकर्णाच्या किंवा कानाला घशाशी जोडणाऱ्या नळीच्या अस्तरातून तो देठासह उगवतो आणि मृदू टाळूच्या मागे वाढत जाऊन हवेची वाट बुजवितो. मांजरास भूल देऊन पशुवैद्य टाळूची कड आकडीने पुढे ओढतात. मागे गुलाबी, गुळगुळीत, चकचकीत गोळा दिसतो. तो चिमट्यात पकडून घाई न करता एकसारखा ताण दिला की बहुधा देठासह निघून हातात येतो, आणि भूल उतरलेले मांजर कित्येकदा त्याच दिवशी आवाजाविना श्वास घेऊ लागते. काहींमध्ये तो पुन्हा वाढतो, आणि मग मध्यकर्णाची हाडाची पोकळी उघडून त्याचे मूळ काढावे लागते. जो आवाज ऐकून लोक वर्षभर ‘ते घोरतेच’ असे म्हणत राहिले, त्याचा उगम असा एका मुठीत मावणाऱ्या गोष्टीत सापडावा, याहून ऐकण्याच्या उपयुक्ततेचा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

घोरणे हळूहळू न वाढता एका दुपारी अकस्मात सुरू झाले, सोबत शिंका आणि सारखे आवंढे गिळणे असले, तर हिरव्या पात्याचा संशय घ्यावा. मांजरे गवत चघळतात आणि ओकतात; ओकताना एखादे पाते टाळूच्या मागे उलटे वर चढून अडकते, आणि मग ते नाकपुडीतून किंवा घशातून ओढून काढीपर्यंत त्या प्राण्यास चैन पडत नाही.

सर्दीविषयी थोडक्यातच सांगतो, कारण ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. मांजरांच्या सर्दीमागे मुख्यत्वे हर्पिस आणि कॅलिसी हे दोन विषाणू असतात. त्यांपैकी हर्पिस एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो, आणि घर बदलणे, नवे मांजर घरात येणे अशा ताणाच्या प्रसंगी पुन्हा डोके वर काढतो. पिलूपणीच्या आजाराने नाकातील नाजूक हाडांची नासधूस झाली असेल, तर अशा मांजराचे नाक जन्मभर वाजत राहते. लसीने संसर्ग पूर्णतः टळतोच असे नाही, पण त्याची तीव्रता निश्चित कमी होते. एकाच नाकपुडीतून दीर्घकाळ स्राव वाहत असेल आणि नाकाचा कणा फुगीर दिसू लागला असेल, तर ते सर्दीवर ढकलू नये. वयस्क मांजरात तो अर्बुदाचा प्रारंभ असू शकतो, किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा, जी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत पोसते. ज्या शहरांत गॅलऱ्या कबुतरांनी भरून गेल्या आहेत, तेथे ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांविषयी मात्र मनापासून लिहावेसे वाटते. त्यांच्या नाकपुड्या चिरेइतक्या अरुंद, आणि कवटी आखूड केली तरी आतील मऊ भाग त्या प्रमाणात लहान झालेले नसल्यामुळे वाट आतूनही दाटलेली. अशा मांजराचे घोरणे गोजिरे मानून कौतुक करण्याचा प्रघात मला क्लेशदायक वाटतो. ती जातीची लकब नव्हे, माणसाने निवडीनिवडीने पैदास करून त्याच्यावर लादलेली अडचण आहे. नाकपुड्या शस्त्रक्रियेने रुंद करता येतात आणि त्याने पुष्कळ मांजरांना आराम पडतो. परंतु नवे पिलू घेणाऱ्याने लांब नाकाचे घेतले, तर शस्त्राची पाळीच येणार नाही.

छातीतील आवाजांत अग्रमान दम्याचा. मांजराचा दमा ओळखू येत नाही, याचे कारण तो खोकल्याचे सोंग घेऊन येतो आणि तो खोकलाही केसांचा गोळा ओकण्याच्या प्रयत्नासारखा दिसतो. मांजर जमिनीशी दबून बसते, कोपरे अंगापासून बाहेर, मान पुढे आणि खाली ताणलेली, आणि त्या स्थितीत कोरडी ढास लागते. शेवटी काहीच बाहेर पडत नाही, ते ओठ चाटते, एक घोट गिळते आणि आपल्या उद्योगास लागते. दोन झटक्यांच्या दरम्यान ते पूर्णतः निरोगी दिसते, आणि म्हणूनच महिनोन्‌महिने ‘केस अडकले असतील’ या समजुतीवर वेळ जातो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, विडीसिगारेटचा धूर, मलविसर्जनाच्या वाळूची धूळ, फवारणीची अत्तरे हे त्याचे नेहमीचे चेतक. त्यांचा बंदोबस्त हा उपचाराचा पहिला भाग. पुढे दाह शमविणारी स्टेरॉइडे लागतात, आणि ती आता माणसांप्रमाणेच फवाऱ्यातून देता येतात: नळीच्या एका टोकास औषध, दुसऱ्या टोकास मांजराच्या तोंडावर बसेल असा लहान मुखवटा, आणि सात ते दहा श्वास मोजायचे. गोगलगायी आणि त्या खाणारे उंदीर, पाली यांच्यामार्फत पोहोचणारे फुप्फुसकृमीही असाच खोकला उत्पन्न करतात, म्हणून शिकारी मांजराची विष्ठा तपासून घेणे योग्य.

एवढे आवाज सांगितल्यावर आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो, आणि ते आवाजाविषयी नाही. हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा विकार मांजरांत पुष्कळ आढळतो. मेन कून या जातीत त्यास कारणीभूत असलेला एक जनुकीय दोष २००५ साली हुडकला गेला. या विकारात फुप्फुसांत किंवा त्यांच्याभोवती पाणी साठू शकते, आणि तेव्हा मांजर बहुधा वाजत नाही, खोकतही नाही. ते पलंगाखाली जाऊन बसते आणि उथळ, भराभर श्वास घेते. मांजर आपले दुखणे लपविते, पण झोपेत त्याला ते लपविता येत नाही. म्हणून गाढ झोपलेल्या मांजराच्या छातीचे वरखाली होणे हा एक श्वास धरून ३० सेकंद मोजावे आणि दुप्पट करावे. निरोगी मांजरात हा आकडा मिनिटास ३० च्या खाली असतो. शांत झोपेत तो वारंवार त्यापुढे जाऊ लागला, तर आवाज असो वा नसो, दवाखाना गाठावा. काही रात्रींचे आकडे तारखांसह वहीत लिहून ठेवावेत. आवाजाचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे हेही आवर्जून सांगतो, कारण तपासणीच्या मेजावर ठेवलेले मांजर भीतीने असे चिडीचूप होते, की मालकाची सारी कैफियत निराधार ठरते.

घरातील औषधांच्या डब्याला या कामी हात लावू नये. माणसाला निरुपद्रवी असलेली पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचे प्राण घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची यकृताची यंत्रणा त्याच्याजवळ अपुरी असते, रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते आणि हिरड्या तपकिरी पडतात. कापूर आणि चोंदलेल्या नाकासाठी आपण चोळतो ती मलमे हीही त्याला बाधतात. नाक चोंदले असेल, तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून तेथील वाफेत दहा मिनिटे मांजराजवळ बसावे, नाकपुड्या कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसाव्यात आणि अन्न किंचित कोमट करून द्यावे, कारण वास येईनासा झाला की मांजर खाणे सोडते.

मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, पोट भात्यासारखे हलू लागले, किंवा जीभ आणि हिरड्या निळसर दिसल्या, तर निरीक्षणाची मुदत संपली असे समजून त्याच क्षणी निघावे. त्यास कवळ्यात धरू नये, पाणी पाजू नये. हवेशीर खोक्यात किंवा पेटीत ठेवून, वर पातळ कापड टाकून, आधी दवाखान्यास फोनवर वर्दी देऊन न्यावे. तेथे डॉक्टरांनी क्ष-किरण चित्राआधी प्राणवायूची नळी पुढे केली आणि प्राण्यास काही वेळ तसेच निवांत ठेवले, तर त्याला वेळकाढूपणा समजू नये. गुदमरलेल्या मांजरास मेजावर दाबून धरणे कित्येकदा त्याच्या जिवावर बेतते, आणि छातीत पाणी साठल्याची शंका आली, तर सुईने ते काढून घेणे हे चित्र काढण्याच्याही आधीचे काम ठरते.