पहाटे गाडी सुरू होत नाही, तेव्हा आधी ताप मोजा



आपल्या कामात गाडीचे महत्त्व किती, हे आपण जाणताच. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले बरेचसे कातकरी व ठाकूर पाडे डांबरी रस्त्यापासून आत आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळू लागली, ही मोठी सोय झाली. पण ती दुसऱ्या रुग्णाकडे गेलेली असेल, तर अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस सापगावहून आपल्याच व्हॅनने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावा लागतो. अशा वेळी गाडीने पहिल्या चावीला उठले पाहिजे.

या गाडीची देखभाल माझ्याकडे आहे. मागच्या हिवाळ्यात ती पहाटे सुरू होईना. स्टार्टर जोरात फिरायचा, इंजिन एकदा भुरभुरायचे आणि बंद पडायचे. सात-आठ प्रयत्नांनंतर कशीबशी चालू व्हायची. एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही. शिवाय डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवाही लागत नव्हता. कोणी बॅटरी बदला म्हणाले, कोणी स्टार्टर, कोणी पेट्रोलचा पंप. हितचिंतकांनी दिलेल्या पैशातून हे सगळे घेण्याआधी आम्ही मोजमाप करायचे ठरवले. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती चांगली होती. प्लगवर ठिणगी होती, पंपाचा दाबही बरोबर होता. दोष निघाला अंगठ्याएवढ्या एका भागात. त्याचे नाव कूलंट टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर.

या सेन्सरचे काम काय? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरेचसे पेट्रोल आतल्या भिंतींना चिकटून राहते. म्हणून सुरू करताना जास्त पेट्रोल द्यावे लागते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत आपण त्यासाठी चोक ओढत होतो. आताच्या गाड्यांत चोक नाही. तो निर्णय गाडीचा कॉम्प्युटर घेतो. पण कॉम्प्युटरला इंजिन थंड आहे की गरम, हे कळणार कसे? तो फक्त सेन्सरवर विश्वास ठेवतो.

आपल्या आरोग्यसेविका हे चटकन ओळखतील. थर्मामीटरच बिघडलेला असेल, तर औषध चुकीचेच दिले जाणार. आमच्या गाडीचे तसेच झाले. पहाटे इंजिन गारठलेले असताना सेन्सर सांगत होता, ‘पाणी ८० अंश आहे.’ कॉम्प्युटरने गरम इंजिनाला लागते तेवढेच पेट्रोल दिले. ते पुरत नव्हते. दुपारी इंजिन खरोखरच गरम असायचे, म्हणून तक्रार नसायची.

उलटाही बिघाड होतो. सेन्सर गरम इंजिनाला थंड म्हणू लागला, तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते. मग काळा धूर येतो, प्लग ओले व काळे होतात, ॲव्हरेज घसरते आणि गरम गाडी पुन्हा सुरू करताना त्रास देते.

मग दिवा का लागला नाही? सेन्सरची तार तुटली किंवा शॉर्ट झाली, तर अशक्य आकडा येतो. मग दिवा लागतो आणि पी-०११७ किंवा पी-०११८ असा कोड नोंदला जातो. पण ८० अंश हा आकडा अशक्य नाही. चालू गाडीत तो रोजच येतो. त्यामुळे कॉम्प्युटरला शंका आली नाही. दिवा लागला नाही म्हणजे सेन्सर चांगला, असे समजू नये. काट्यावरही विसंबू नये. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो.

तपासणी अवघड नाही. तीन पायऱ्या आहेत.

पहिली : गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ‘ऑन’ करा आणि स्कॅनरवर पाण्याचे तापमान पाहा. त्याच पडद्यावर इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमानही दिसते. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. चार-पाच अंशांचा फरक चालेल. आमच्या गाडीत हवा १६ आणि पाणी ७९ दिसले, तिथेच दोष सापडला.

दुसरी : स्कॅनर नसेल, तर साधा मल्टिमीटर घ्या. चावी बंद करून सेन्सरचा प्लग काढा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. हा सेन्सर थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी रोध दाखवतो. अनेक गाड्यांत २० अंशांना सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम येतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतो, तो धरावा.

तिसरी : सेन्सर बरोबर निघाला तर प्लग व तारा पाहा. गंजलेल्या जोडामुळे रोध वाढतो आणि कॉम्प्युटरला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटते. पाण्याची पातळीही पाहा. पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर सेन्सर पाण्यात बुडत नाही आणि खोटा आकडा देतो. मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, उसळून तोंड भाजते.

आमचा सेन्सर जुना नव्हता. पावसाळ्यात पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा एका गॅरेजात तो नवाच बसवला होता. आटे जुळत होते, प्लगही बसत होता, पण तो दुसऱ्या मॉडेलचा होता. २० अंशांना त्याचा रोध ३०० ओहमच्या आसपास यायचा. म्हणून नवा सेन्सर घेताना आटे नव्हे, पार्ट नंबर जुळवून घ्या. योग्य सेन्सर बॅटरीच्या तुलनेत अगदी स्वस्तात आला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

अडचणीच्या वेळेसाठी एक उपाय. पेशंट गाडीत आहे, गाडी उठत नाही आणि या सेन्सरचा संशय आहे, तर त्याचा प्लग काढून प्रयत्न करा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर मग स्वतःचा ठरावीक आकडा धरतो आणि गाडी सुरू होते. दिवा लागेल, पंखा सतत फिरेल, पण रुग्णालय गाठता येईल. नंतर दुरुस्ती करायचीच.

आपल्या भागात दिवाळीनंतर पहाटेचा गारठा वाढतो. वीटभट्ट्यांवर कुटुंबे जातात आणि गाडीच्या फेऱ्याही लांबतात. त्याआधीच एका सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याचा व हवेचा आकडा वहीत लिहून ठेवा. ज्या केंद्रांकडे गाडी आहे, त्यांनी एक मल्टिमीटर आणि जमल्यास एक साधा स्कॅनर जवळ ठेवावा. पुढे गाडी कुरकुरली, तर त्या आकड्याशी ताडून पाहता येईल आणि चांगली बॅटरी उगाच बदलली जाणार नाही.