सक्तीच्या बातम्या

एकेकाळी सिनेमाचं तिकीट काढलं, की बातम्या वर फुकट मिळत. नको असल्या तरी मिळत. दिवे मालवले, की आधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील, मग एखादा माहितीपट आणि मग कुठे नायक-नायिका. कुणी तो वेळ बाहेर विडी ओढण्यात घालवी, कुणी मुद्दाम उशिरा येई. टीव्ही घरात येण्याआधी मात्र हलत्या चित्रांतून देश बघायची दुसरी सोय नव्हती.

या धंद्याचा पाया मराठी माणसानेच घातला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. भारतीयाने काढलेलं पहिलं वृत्तचित्र म्हणून त्याचं नाव घेतात. सक्ती आली ती युद्धामुळे. 1943 मध्ये इंग्रज सरकारने प्रत्येक खेळात मान्यताप्राप्त प्रचारपट दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक केलं. सरकारच्या चित्रपट खात्याच्या ‘इंडियन न्यूज परेड’वर लोकांचा राग होता आणि 1946 मध्ये ते खातं बंद पडलं. परिणाम असा, की 15 ऑगस्ट 1947 चा सोहळा टिपायला सरकारकडे स्वतःचं चित्रपथकच नव्हतं.

1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि पुढे पेडर रोड हा तिचा पत्ता झाला. राज्य बदललं, सक्ती तशीच राहिली. थिएटरवाला माहितीपट दाखवायचा आणि त्यासाठी गल्ल्यातला हिस्साही मोजायचा.

‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ दर आठवड्याला निघे. ठिकठिकाणी नेमलेले कॅमेरामन चित्रण मुंबईला धाडत. तिथे ते धुऊन, कापून, जोडून त्यावर मराठीसह अनेक भाषांत निवेदन चढवलं जाई. प्रती आधी मोठ्या शहरांतल्या थिएटरांत जात आणि फिरत फिरत लहान गावांत पोचत. तोवर बातमी शिळी झालेली असे. धरणाचं उद्घाटन, पूर, परदेशी पाहुणा, शेवटी क्रिकेट. चित्रातली माणसं बोलत नसत. त्यांच्या वतीने निवेदकच बोले, आणि त्याला कधी शंका पडत नसे.

शंका पडली 1965 नंतर. इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना जाँ भावनगरी पॅरिसच्या युनेस्कोतून मुख्य सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी दिग्दर्शकांना मोकळीक दिली. एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ (1967) मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या पोरांपुढे माईक धरला. कुणी देशावर जीव टाकत होतं, कुणी सरळ कंटाळा आल्याचं सांगत होतं. त्याच वर्षी चारी आणि अब्राहम यांनी ‘फेस टू फेस’मध्ये साध्या माणसांना लोकशाहीबद्दल विचारलं. उत्तरं सरकारी खात्याला रुचावीत अशी नव्हती, तरी शिक्का सरकारचाच होता. पुढे विधू विनोद चोप्रांचा मुंबईच्या फुटपाथवरच्या मुलांवरचा ‘अ‍ॅन एन्काउंटर विथ फेसेस’ (1978) ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. रोजच्या रोज बातम्या घरात येऊ लागल्यावर आठवड्याच्या रिळाला कोण विचारणार? पण न्यूजरीलचा स्वभाव दूरदर्शनने उचलला: उद्घाटनं, भाषणं, निवेदक. आत शिरून केलेलं काम पडद्यावर यायला कोर्टाची पायरी चढावी लागे. आनंद पटवर्धनांचा ‘राम के नाम’ 1992 चा. दूरदर्शनवर तो दिसला 1997 मध्ये, तोही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजनचं काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं.

आज कॅमेरा खिशात आहे; अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी मोबाईलवर कुणीही टिपू शकतं. 2014 च्या नोव्हेंबरअखेर खाली उल्हासनगरात याच नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं. शेकडो रहिवाशांना श्वास घेणं अवघड झालं, दवाखाने भरले. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, खोकणारी माणसं दिसली, आणि दुसऱ्या बातमीमागे गाड्या निघून गेल्या. कॅमेरा जवळ गेला होता, थांबला मात्र नाही.

फिल्म्स डिव्हिजनच्या चार-पाच बंडखोरांनी दाखवून दिलं ते एवढंच, की प्रेक्षकाला आत न्यायला यंत्र लागत नाही. वेळ लागतो आणि निवेदकाला गप्प बसावं लागतं. टँकर कुठल्या गेटातून भरला, रसायनाची रीतसर विल्हेवाट लावायला काय खर्च येतो, तो वाचवल्याने कुणाचं भागतं, चालकाला एका खेपेचे काय मिळतात आणि काठावरची बाई खिडकी उघडायची की नाही हे कशावरून ठरवते: एका मालिकेला पुरेल इतकं काम या एका नदीवर पडलंय. तशी मालिका टीव्हीवर आली, तर ती बघायला सक्ती करावी लागणार नाही.