कोनता गावना?

चाळीसगाव जंक्शन. धुळ्याची गाडी लागायला अजून वेळ आहे. बाकावर शेजारी बसलेल्या आजी उठतात, पिशवी माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "जरा थैलीवर ध्यान ठेवजो रे भाऊ, पानी लई येस." ओळख ना पाळख. तरी त्या क्षणापासून माझी नजर त्या पिशवीवरून हलत नाही.

एवढ्याशा वाक्यात केवढी ताकद! थॉमस मोरियार्टी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर तपासली. संशोधकांचाच एक माणूस चोर बनून वाळूतला रेडिओ उचलून नेई. रेडिओवाल्याने शेजारच्याला सामान सांभाळायला सांगितलं नव्हतं, तेव्हा 20 पैकी चौघांनीच त्या चोराला हटकलं. सांगितलं होतं, तेव्हा 20 पैकी 19 जणांनी. हा प्रयोग 1975 साली प्रसिद्ध झाला.

पण आजींनी मलाच का निवडलं? बहुधा चेहरा पाहून. जेनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं, की समोरचा विश्वासू वाटतो की नाही हे आपण सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवून टाकतो. जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त आपली खात्री वाढते. खात्री वाढते, खरेपणा नव्हे!

खानदेशी माणूस मात्र चेहऱ्यावर थांबत नाही. आजी पाणी घेऊन आल्या आणि पहिला प्रश्न, "कोनता गावना रे तू?" गाव कळलं की आडनाव, मग मामाचं गाव, मग तिथले कोण कोण. वरवर या गप्पा, पण आत चोख परीक्षा चाललेली असते. गावाचं नाव खोटं सांगता येईल. पण तिथला बाजारवार, शेवटची एसटी, देवळाशेजारचं घर, सगळं एकमेकांशी जुळवत खोटं बोलणं महाकठीण. आणि ओळखीचा एक धागा सापडला, की मी परका उरत नाही. पिशवी घेऊन पळालो तर बोभाटा माझ्या घरापर्यंत पोचणार!

जुन्या पेढ्यांवर शाहजोग हुंडीमागे हीच अक्कल होती. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती पडत. म्हणजे गडबड झालीच, तर विचारायला दार होतं. मोबाइलच्या पडद्यावर हे दार कसं शोधायचं? तिथे मागचा व्यवहार हेच गाव. संशोधक पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांच्या, ईबे या ऑनलाइन बाजारावरच्या प्रयोगात एकाच विक्रेत्याने सारखीच जुनी पोस्टकार्डं दोन प्रकारे विकली: स्वतःच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि कोऱ्या नावांवरून. नावाजलेल्या खात्याला गिऱ्हाईक 8.1 टक्के जास्त मोजायला तयार होतं. माल तोच, किंमत इतिहासाची.

'कोनता गावना?' हा प्रश्न विचारायचा राहिला तर काय होतं, हे आपल्याच खानदेशाने पाहिलं आहे. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप आधीच मोबाइलवर पसरले होते. असे निरोप ओळखीच्या हातून येतात, म्हणून आपण त्यांना घरात घेतो. पाठवणारा आपला असतो. निरोप मात्र परका असतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने अशा निरोपांवर 'फॉरवर्डेड' ही खूण लावली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं जाहीर केलं. खूण एवढंच सांगते, की हे शब्द पाठवणाऱ्याचे नाहीत.

पुढचं आपण विचारायचं. निरोप मेव्हण्याकडून आला, तर त्याला फोन लावा: हे तुला कुणी पाठवलं? मग ज्याचं नाव येईल, त्याला लावा. बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर उत्तर येतं, "माहीत नाही, ग्रुपवर आलं होतं."

म्हणजे या निरोपाला गावच नाही. आणि ज्याला गाव नाही, त्याच्या हाती आजींनी आपली पिशवीसुद्धा दिली नसती.