भरिताला किती गुण?

इंदिरानगरात खानदेशी घरं पुष्कळ. जळगाव-धुळ्याकडून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबं वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आजूबाजूला स्थिरावली, आणि त्यांच्या मागोमाग दर हिवाळ्यात फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची भरिताची वांगीही येऊ लागली. जळगावच्या या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा ताटात येतं, आणि त्याच सुमारास महिला मंडळांच्या भरीत स्पर्धा सुरू होतात. अशा स्पर्धांत मी काही वर्षं परीक्षक म्हणून बसते आहे.

स्पर्धा गल्लीतली असली, तरी निकाल गल्लीत संपत नाही. पहिलं बक्षीस म्हणजे एक स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र; पण त्या प्रमाणपत्रावर पुढच्या दोन महिन्यांच्या भरीत-पुरीच्या ऑर्डरी येतात. ज्या बाईचं घर त्या ऑर्डरींवर चालतं, तिला दुसऱ्या क्रमांकाचं कौतुक ऐकवून भागत नाही. तिसऱ्या रांगेतून ‘ओळखीच्याच बाईला दिला’ असा आवाज येतो, तेव्हा परीक्षकाकडे ‘मला आवडलं’ याहून भक्कम उत्तर असावं लागतं.

आगीवर शिजवलेल्या अन्नाच्या परीक्षणाची सर्वांत काटेकोर पद्धत अमेरिकेत आहे. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी या संस्थेच्या स्पर्धांत कोंबडी, डुकराच्या बरगड्या, डुकराचं मांस आणि गाईच्या छातीचं मांस असे चार विभाग असतात. मांस रात्रभर धुरावर शिजतं. ठरलेल्या वेळेला ते एकसारख्या डब्यांत जमा करायचं. डब्यावर नाव नाही, खूण नाही, आणि जमा करताना दिलेला क्रमांकही परीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधी बदलतो. एका टेबलावर सहा परीक्षक असतात. ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एका डब्याची दुसऱ्याशी तुलना करायची नाही असा नियम आहे. प्रत्येक पदार्थाला दिसणं, चव आणि मऊपणा यांचे नऊपैकी गुण मिळतात. या तिन्हींचं वजन मात्र सारखं नाही. एकूण गुणांत चवीचा वाटा सुमारे ५७ टक्के, मऊपणाचा २९ आणि दिसण्याचा १४. सहांपैकी सर्वांत कमी गुण देणाऱ्या परीक्षकाचे गुण सोडून देतात. उरलेल्या पाच जणांनी सगळीकडे नऊ दिले, तर बेरीज १८० होते.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेत बहुधा चव दहा, सजावट दहा, मांडणी दहा आणि ‘नावीन्य’ दहा असे रकाने असतात. म्हणजे भरिताच्या निकालात भरिताचा वाटा पंचवीस टक्के! ज्यांच्याकडे तांब्याची भांडी आणि रांगोळी काढायला मदतीला सून आहे, त्या तीस गुणांसाठी भांडणार. अमेरिकेत सजावटीला फक्त ठरावीक हिरवा पाला चालतो, तोही ऐच्छिक. आम्ही त्यावरून एक केलं : सगळ्यांचं भरीत स्वयंसेविका एकसारख्या स्टीलच्या वाट्यांत काढतात आणि मगच आमच्यासमोर आणतात. त्या वर्षी दोघी-तिघी रुसल्या. रुसू द्यावं.

मऊपणाचं गणितही शिकण्यासारखं आहे. हाडावरून आपोआप गळून पडणारं मांस खाणाऱ्यांना आवडतं. पण तिथले परीक्षक त्याचे गुण कापतात, कारण ते जास्त शिजलेलं असतं. दाताने तोडल्यावर तेवढाच घास यावा आणि बाकीचं हाडाला धरून राहावं. भरिताचंही तसंच. बडगीत ठेचलेल्या भरितात वांग्याचे रेषे जिभेला लागले पाहिजेत. मिक्सरमध्ये फिरवलेलं भरीत गुळगुळीत होतं, पाहुण्यांना आवडतंही. पण ती चटणी झाली.

खरी अडचण मिरचीची. हिरव्या मिरचीचा जाळ ही चव नाही. कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. (या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.) पाण्याने हा जाळ विझत नाही, दुधा-ताकातल्या केसीनने उतरतो. म्हणून दोन वाट्यांच्या मध्ये ताकाचा घोट आणि मीठ न घातलेल्या भाकरीचा तुकडा. तरीही दहाव्या वाटीला जीभ पहिल्या वाटीची राहत नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तिच्या निकालांचा १९९६ साली अभ्यास झाला, तेव्हा उशिरा वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. ऐकताना असं होत असेल, तर मिरचीपुढे आपली काय कथा! यावर इलाज एकच : तिन्ही परीक्षकांनी वेगवेगळ्या वाटीपासून सुरुवात करायची, म्हणजे शेवटी येण्याचा भोग एकाच बाईच्या वाट्याला येत नाही.

परीक्षक तरी स्वतःशी किती प्रामाणिक असतो? रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा दिली. २००८ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की, तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत गुण देणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के होते. वाइनच्या आमच्या नाशकात हे मोठ्याने सांगायची चोरी, पण आकडा तो आहे.

मग बेरजेचा प्रश्न. दोन परीक्षकांनी ‘अ’ला आठ आणि ‘ब’ला सात दिले, तिसऱ्याने ‘अ’ला तीन आणि ‘ब’ला आठ. बेरीज : ‘अ’ १९, ‘ब’ २२. तिघांपैकी दोघांना ‘अ’ सरस वाटलं, तरी बक्षीस ‘ब’ला! हात मोकळा सोडून गुण देणारा परीक्षक एकटाच निकाल लावतो, आणि सातच्या खाली न उतरणारे सौम्य परीक्षक नुसते बसून राहतात. प्रत्येकीचे सर्वांत कमी गुण वगळले तर ‘अ’ला १६ आणि ‘ब’ला १५ उरतात. तीन परीक्षकांत एकाचे गुण टाकणं महागात पडतं, म्हणून परीक्षक पाच हवेत. मंडळाला मात्र पाच नारळ आणि पाच शाली जड वाटतात.

सगळ्यांत जुनं भांडण धुराचं. गावाकडे वांगी तुराट्यांवर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. काडी जळताना तिच्यातलं लिग्निन फुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं तयार होतात, तोच धुराचा वास. गॅसच्या ज्योतीत लिग्निन नसतं. तिथे जो वास येतो तो वांग्याच्या करपलेल्या सालीचा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुराट्या कोण पेटवू देणार? मग तिथल्या बाईने आधीच हरायचं का?

तो फरक जिभेला कळतो की नुसता ऐकून वाटतो, हे तपासता येतं. १९३५च्या पुस्तकात रोनाल्ड फिशर यांनी चहाचे आठ पेले मांडून, दूध आधी ओतलं की चहा, हे ओळखण्याचा दावा कसा तपासावा ते सांगितलं. त्याच जातीची सोपी रीत म्हणजे तीन वाट्या : दोन गॅसवरच्या, एक तुराट्यांवरची, बाकी मसाला एकच. वेगळी वाटी ओळखायची. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तिघांत एक. सहा जणांपैकी निदान पाच जणांनी नुसत्या अंदाजाने ओळखण्याची शक्यता ७२९मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. एवढ्यांनी ओळखलं तर धूर खरोखर कळतो असं धरावं आणि गॅस व तुराटी असे दोन गट करावेत. तेवढे ओळखू शकले नाहीत, तर निदान धुराच्या नावाने वेगळे गुण मागू नयेत. येत्या चंपाषष्ठीच्या आधी ही परीक्षा घ्यावी असं मी मंडळाला सुचवलं आहे. तुराट्या यावलहून आणायचं एकीने कबूल केलंय. पेटवायच्या कुठे, यावर अजून बैठक चालू आहे.